कोळणीचा दोष नाही: मांसमाशी, तिच्या जिवंत अळ्या आणि मृत्यूची वेळ

प्रश्न थोडक्यात असा आहे. गणपती गेल्यावर रत्नागिरीतल्या एका घरात पहिल्यांदाच बांगडे आले. आईने ते परातीत काढून पडवीत ठेवले आणि विळी आणायला ती आत गेली. जेमतेम पाच मिनिटांनी बाहेर येते तर एक मोठी राखाडी माशी परातीवरून उठली, आणि बांगड्याच्या कल्ल्यापाशी बारीक पांढऱ्या अळ्या वळवळताना दिसल्या. ‘सडके मासे गळ्यात मारले’ म्हणून आई तडक कोळणीशी भांडून आली. मुलाचं म्हणणं, मासे तर ताजे होते, डोळे लख्ख, कल्ले लाल. मग अंडी नाहीत, काही नाही, एकदम अळ्या आल्या कुठून? आणि हीच माशी खुनाच्या तपासात मृत्यूची वेळ सांगते असं वाचलं, ते कितपत खरं?

आधी त्या कोळणीची समजूत घाला. मासे ताजेच होते. आईने पाहिलं तेही खरं, फक्त त्यावरून काढलेला निष्कर्ष चुकला. गंमत अशी की हाच निष्कर्ष, म्हणजे ‘अळ्या दिसतात, अर्थात माल जुना’, मी गेली पंचवीसेक वर्षं पंचनाम्यांत आणि शवविच्छेदनाच्या अहवालांत वाचत आलोय. कॉलेजात कीटकशास्त्र शिकवणं हा माझा धंदा. पोलिसांनी आणून दिलेल्या बाटल्या उघडून आतले किडे ओळखणं हे मागून चिकटलेलं काम. तेव्हा दोन्ही प्रश्नांचं उत्तर एकाच माशीवरून देतो.

ती माशी मांसमाशी. घरमाशी किंवा मासळी बाजारातली हिरवी चकचकीत माशी अंडी घालते. मांसमाशी सहसा अंडी घालत नाही. अंडी तिच्या पोटातच उबतात. मादीच्या गर्भाशयाची दोन कप्प्यांची पिशवी होते, तिच्यात अळ्या अंड्यातून बाहेर पडून तयार राहतात, आणि योग्य वास आला की मादी उतरून त्या तिथे टाकते. कोषातून बाहेर पडल्यापासून पहिली वीण द्यायला तिला दहा-बारा दिवस लागतात, पण टाकायला काही सेकंद पुरतात. जातीनुसार एका वेळच्या वेणीत साधारण वीस ते चाळीस अळ्या असतात, आणि त्या सगळ्या एकाच ठिकाणी टाकायलाच हव्यात असंही नाही. चार इथे, सहा तिथे असं चालतं. हिरवी माशी एका बैठकीत दोनशे-अडीचशे अंड्यांचा पुंजका घालते. त्या मानाने ही आई कमी पोरांची, पण प्रत्येक पोर चालतं करून पाठवणारी. अळी पडल्या क्षणी खायला लागते. अंडं उबायला लागणारा अर्धा-पाऊण दिवस तिचा वाचतो आणि तेवढ्या वेळात मुंग्या अंडी पळवतील ही भीतीही राहत नाही.

हे काही नवं निरीक्षण नाही. १६६८ साली इटलीत फ्रान्सेस्को रेदीने मांसाच्या बरण्यांचा तो प्रसिद्ध प्रयोग केला. उघड्या बरण्यांत अळ्या झाल्या, जाळीदार कापडाने बांधलेल्यांत झाल्या नाहीत, म्हणून अळ्या मांसातून आपोआप उपजत नाहीत. शाळेत आपण एवढंच शिकतो. रेदीने पुढेही पाहिलं होतं: काही माश्या त्या कापडावर अंडी नव्हे, जिवंत अळ्या टाकत होत्या. साडेतीनशे वर्षांनी तुमच्या पडवीत तेच झालं, फक्त परातीवर कापड नव्हतं.

आता ओळख. माशी मोठी, बहुतेक जाती सेंटिमीटरभर किंवा थोड्या जास्त लांबीच्या. रंग राखाडी, चमक अजिबात नाही. डोळे विटकरी लाल. छातीच्या पाठीवर तीन काळे उभे पट्टे. घरमाशीच्या पाठीवर चार असतात, त्यामुळे मोजून बघायला हरकत नाही. पोटावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे-करडे चौकोन. हा पट फसवा आहे. माशी हातात धरून उजेडात थोडी फिरवली की काळा चौकोन करडा होतो आणि करडा काळा. पैठणीच्या धूपछाँव रंगासारखं ते आहे: रंग कापडात नसतो, धाग्याच्या कलात असतो. इथे धाग्याच्या जागी बारीक लव. बऱ्याच जातींत पोटाचं टोक लालसर असतं. पाय भक्कम, पावलांखालच्या गाद्या मोठ्या. बसली की जड वाटते, उठताना आवाज करते.

एवढ्याने ‘मांसमाशी’ म्हणता येतं. ‘कुठली मांसमाशी’ हे म्हणता येत नाही, आणि खरी डोकेदुखी तिथेच सुरू होते.

मांसमाशा हे द्विपंखी कीटकांतलं एक कुल, शास्त्रीय नाव सार्कोफॅजिडी. ग्रीक शब्दांचा अर्थ सरळ मांस खाणारे. जगात तीन हजारांच्या आसपास जाती. हिरव्या-निळ्या माश्यांचं कुल आणि सुरवंटांवर परजीवी असणाऱ्या टॅकिनिड माश्यांचं कुल ही त्यांची जवळची भावंडं. कुलाचे तीन पोटभाग पाडतात. त्यांतला सार्कोफॅजिनी हा आपल्या कामाचा. मिल्टोग्रॅमिनी म्हणजे बिळात घर करणाऱ्या एकट्या गांधीलमाशीच्या मागे सावलीसारख्या उडत राहणाऱ्या माश्या. गांधीलमाशी भक्ष्य घेऊन बिळात शिरली की या आपली अळी आत सोडतात, आणि शिदोरी भलत्याच पोराच्या पोटात जाते. तिसरा पोटभाग लहान आहे, तो सोडून देऊ.

नावावर जाऊ नका, हे मी वर्गात पहिल्याच दिवशी सांगतो. १७५८ साली लिनियसने जिला ‘मांसाची माशी’ अशा अर्थाचं नाव दिलं ती युरोपातली सार्कोफागा कार्नारिया. तिच्या अळ्या वाढतात त्या गांडुळांवर. या कुलात कुणी टोळांच्या अंगात वाढतं, कुणी अमेरिकेतल्या घटपर्णीच्या पाण्यात बुडालेले कीटक खातं. उत्तर अमेरिकेत एम्ब्लेमासोमा नावाची एक आहे, ती नर सिकाडा किड्याचं गाणं ऐकून त्याला हुडकते आणि त्याच्या अंगात अळी सोडते. प्रेतावर येणाऱ्या जाती या सगळ्या पसाऱ्यात मूठभर. आपल्याकडे वारंवार भेटतात त्या सार्कोफागा रुफिकॉर्निस, सार्कोफागा डक्स, सार्कोफागा अल्बिसेप्स, सार्कोफागा पेरेग्रिना अशा.

आता ही नावं कोर्टात काय गोंधळ घालतात ते सांगतो. सार्कोफागा या प्रजातीत, म्हणजे जवळच्या जातींच्या गटात, आठशेहून अधिक जाती आहेत आणि तिचे डझनावारी उपविभाग. जुने भारतीय लेखक यातल्या बऱ्याच उपविभागांना स्वतंत्र प्रजाती मानत. म्हणून एकच माशी एका अहवालात पॅरासार्कोफागा रुफिकॉर्निस होते, दुसऱ्यात सार्कोफागा रुफिकॉर्निस, तिसऱ्यात लिओपायजिया. थॉमस पापे यांनी १९९६ साली जगभरच्या मांसमाश्यांची सूची काढली तेव्हा बऱ्याच नावांची जुळणी झाली. भारतापुरतं प्राण्यांच्या सर्वेक्षण खात्याने २००२ साली काढलेला बी. सी. नंदी यांचा खंड हाताशी लागतो. तरी उलटतपासणीत वकील साहेब दोन कागद शेजारी धरून विचारतातच, ‘म्हणजे तुमच्या दोन तज्ज्ञांना एकच माशी ओळखता आली नाही?’ त्यामुळे मी अहवालात पहिल्याच ओळीत सगळी जुनी नावं लिहून टाकतो. कंटाळवाणं आहे, पण पुढचा अर्धा तास वाचतो.

जात ठरते ती नराच्या जननेंद्रियावरून. बाकी अंगावरून दोन जाती जुळ्या बहिणींसारख्या दिसतात, पण पोटाच्या टोकाशी दडलेला तो आकडेबाज अवयव प्रत्येक जातीचा वेगळा, कुलपाच्या चावीसारखा. माशी मेल्यावर अंग कडक व्हायच्या आत सुईने तो बाहेर ओढून ठेवावा लागतो. उशीर केला की नंतर भिजवत बसा. मादी असेल तर बहुतेक वेळा हात टेकावे लागतात. अळ्यांची जात नुसत्या डोळ्यांनी सांगणं तर त्याहून अवघड. आता डीएनए बारकोडमुळे, म्हणजे डीएनएच्या ठरावीक भागावरून जात ओळखण्याच्या रीतीमुळे, अळीच्या तुकड्यावरूनही काम होतं, पण त्यासाठी तुकडा नीट ठेवलेला पाहिजे. त्याविषयी पुढे बोलतो.

कुल मात्र अळीवरून सहज कळतं. अळीचं मागचं बोथट टोक भिंगाखाली धरा. तिथे श्वास घेण्याच्या दोन चकत्या असतात, पूर्ण वाढलेल्या अळीत प्रत्येकीवर तीन फटी. हिरव्या माशीच्या अळीत या चकत्या जवळजवळ उघड्यावर असतात. मांसमाशीच्या अळीत त्या एका खोल खळग्यात आणि खळग्याच्या काठावर मांसल गाठींचं कडं. पातळ होत चाललेल्या मांसात अळी डोकं खाली करून बुडाली की हे कडं आवळतं, खळगा मिटतो, आत हवा राहते. शेवटी अळीचीच कातडी कडक होऊन कोषाचं लाकडी रंगाचं टरफल बनते, म्हणून तो खळगा रिकाम्या टरफलावरही दिसतो. माशी उडून गेल्यावर कित्येक वर्षांनीही ते टरफल ‘मी मांसमाशीचं’ हे सांगत राहतं.

आता मृत्यूच्या वेळेचं. माशी मृत्यूची वेळ सांगत नाही. माशी तिथे पोचली कधी, एवढंच ती सांगते. प्रेतावरच्या सगळ्यात मोठ्या अळीचं वय काढायचं आणि म्हणायचं, ‘माणूस निदान इतक्या वेळापूर्वी मेलेला होता.’ त्या ‘निदान’ शब्दाला फार वजन आहे. दार-खिडक्या बंद असतील, रात्र असेल, अंगाभोवती घोंगडं गुंडाळलेलं असेल, तर माशी उशिरा येते आणि तेवढा काळ आपल्या हिशोबाबाहेर राहतो.

मांसमाशीच्या बाबतीत हिशोब दोन जागी चुकतो. पहिली चूक: हिरव्या माशीचं गणित सगळ्यांना पाठ असतं. अंडं उबायला बारा ते अठरा तास, मग अळी. हेच गणित मांसमाशीला लावलं की घडलेच नाहीत असे अर्धा-पाऊण दिवस वयात मिळवले जातात. दुसरी चूक लांबीची. मांसमाशीची अळी टाकताक्षणीच हिरव्या माशीच्या नुकत्या उबलेल्या अळीपेक्षा मोठी असते आणि पूर्ण वाढल्यावर दोन सेंटिमीटरच्या घरात जाते. लांबीचा तक्ता हिरव्या माशीचा, अळी मांसमाशीची: म्हणजे शेजारच्या पोराच्या मापाने आपल्या पोराचं वय सांगणं. दोन्ही चुका एकाच दिशेने जातात, मृत्यू आहे त्यापेक्षा जुना दिसतो. संशयिताचा त्या दिवसाचा ठावठिकाणा पक्का असेल तर या एका दिवसावर माणूस आत किंवा बाहेर जातो. तुमच्या आईने पाच मिनिटांच्या अळ्यांना दोन दिवसांच्या ठरवलं, तोच हा प्रकार.

मग या माशीचा उपयोग काय, हिरव्या माश्या असताना? उघड्यावर, उन्हात, रानात पडलेल्या प्रेतावर खरंच हिरव्या माश्यांचंच राज्य. क्रिसोमाया मेगासेफालाचे थवे आधी येतात, मागून क्रिसोमाया रुफिफेसीस. तिच्या काटेरी अळ्या दुसऱ्यांच्या अळ्या खातात, त्यात मांसमाशीच्याही. तिथे मांसमाशी साईडची कलाकार. पण दोन ठिकाणी ती पुढे येते. एक, पाऊस. भुरभुर चालू असताना हिरव्या माश्या पानाखाली बसून राहतात, मांसमाशी उडते. कोकणातल्या आषाढाची कल्पना करा, उघडीप कधी मिळणार याचा भरवसा नाही. दुसरं, बंद घर. फ्लॅट, चाळीतली खोली, लॉज. स्वित्झर्लंडमध्ये वर्षानुवर्षांची प्रत्यक्ष प्रकरणं तपासून २०१२ साली मांडलेल्या अभ्यासात सार्कोफागा आर्जिरोस्टोमा ही मांसमाशी मुख्यतः घरातल्या प्रेतांवर सापडली. माझाही अनुभव तसाच. दाराखालच्या फटीशी, खिडकीच्या जाळीवर बसून ती अळ्या टाकते. पुढचा रस्ता अळ्या चालून जातात. अंड्याला चालता येत नाही, हा फरक बंद दाराशी उपयोगी पडतो.

वय काढायला नुसते दिवस मोजून चालत नाही, ऊब मोजावी लागते. अळीला स्वतःचं ऊबदार अंग नाही, बाहेर जितकी ऊब तितकी वाढ. अमुक तापमानाखाली वाढ थांबते, त्याच्या वरचे अंश गुणिले तास, अशी बेरीज करत जायची. नुसती रीत कळावी म्हणून आकडे घेऊ, ते कुठल्या जातीचे म्हणून वापरू नका. समजा वाढ १० अंशांखाली थांबते आणि पूर्ण वाढायला २००० अंश-तास लागतात. भाद्रपदातली २८ अंशांची खोली: तासाला १८ अंश, म्हणजे १११ तास, साडेचार दिवसांच्या वर थोडं. तीच खोली एसी लावून २२ वर ठेवलेली: तासाला १२, म्हणजे १६७ तास, जवळपास सात दिवस. अळी तीच, लांबी तीच, आणि मधला फरक सव्वादोन दिवसांचा. म्हणून मी फोनवर पहिला प्रश्न ‘अळ्या केवढ्या’ हा विचारत नाही. ‘पंखा चालू होता की एसी, आणि दार उघडून आत गेल्यावर तो बंद कुणी केला’ हा विचारतो. बहुतेक वेळा पलीकडे शांतता. वासाने जीव गुदमरलेला हवालदार आत शिरल्या शिरल्या खिडक्या उघडतो आणि बटणं बंद करतो, त्याला दोष देता येत नाही. पण पंचनाम्यात ते एका ओळीत आलं तर माझं अर्धं काम होतं.

माझी स्वतःची एक चूक सांगतो, कारण ती विद्यार्थ्यांना सांगून सांगून मला पाठ झालीय. सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. चाळीत एकटे राहणारे गृहस्थ, खोली आतून बंद, पावसाळा. अंग बरंचसं वाळून गेलेलं. मी प्रेतावरच्या आणि चटईवरच्या अळ्या गोळा केल्या, सगळ्यात मोठ्या निवडल्या, मांसमाशीच्या ठरवल्या, हिशोब केला आणि लिहून दिलं: निदान चार-पाच दिवस. आठवड्याने घरमालकाने खोली धुवायला काढली. दारातल्या काथ्याच्या पायपुसण्याखाली आणि कॉटखालच्या जुन्या वर्तमानपत्रांच्या गठ्ठ्यात त्याला तपकिरी दाणेदार काहीतरी सापडलं. त्याला वाटलं उंदराच्या लेंड्या. तपास अधिकारी शहाणा, त्याने थोडे पुडीत बांधून माझ्याकडे पाठवले. कोष होते. बरेच रिकामे, टोपण उघडून माशी निघून गेलेली. म्हणजे कोवळी अळी ते उडालेली माशी हे पूर्ण चक्र त्या खोलीत होऊन गेलं होतं. त्या हवेत अळीचे चार ते सहा दिवस, कोषाचे आणखी आठ-दहा, म्हणजे जवळपास पंधरवडा. मी मोजलेल्या अळ्या मागाहून आलेल्या कुठल्यातरी मादीच्या होत्या. पुढे त्यांच्या फोनचा शेवटचा कॉल एकोणीस दिवसांपूर्वीचा निघाला.

मृत्यू नैसर्गिकच होता, त्यामुळे माझ्या अहवालाने कुणाचं नुकसान झालं नाही, ते नशीब. पण मला आजही टोचतं ते वेगळंच. त्या खोलीत खिडकीच्या चौकटीत चार मेलेल्या माश्या पडल्या होत्या. मी त्या पाहिल्या होत्या. बाहेरून आलेल्या असतील म्हणून सोडून दिल्या. त्या तिथेच जन्मल्या होत्या आणि उजेडाकडे जाऊन काचेशी मेल्या होत्या.

पोट भरलं की अळी प्रेत सोडून चालती होते, कोरड्या अंधाऱ्या जागी जाऊन कोष करते. म्हणून प्रेत बऱ्याच दिवसांचं असेल तर सगळ्यात जुना साक्षीदार प्रेतावर नसतो. तो कपाटामागे, फरशीच्या सांध्यात, उशीच्या अभ्र्यात, चपलेत असतो.

मांसमाशीवरून काळ काढण्याचा जुना दाखला फ्रान्समधल्या आर्ब्वा गावचा. १८५० साली एका घराची डागडुजी करताना धुराड्यामागे वाळलेलं अर्भक सापडलं. बर्जेरे या डॉक्टरने त्यावरचे मांसमाशीचे कोष आणि पतंगांच्या अळ्या पाहून मृत्यू १८४८ सालचा ठरवला आणि संशय तेव्हाच्या भाडेकरूंकडे वळला. हे त्याने १८५५ साली छापलं. पण माशीचं चक्र पुरं व्हायला वर्ष लागतं असं त्याने धरलं होतं, आणि ते चूक होतं. उन्हाळ्यात ते दोन-तीन आठवड्यांत उरकतं. थंड देशांत दिवस लहान होऊ लागले की कोष झोपी जाऊन हिवाळा काढतात हे खरं, त्यामुळे त्याचं अगदीच हवेत नव्हतं. तरी या कुलाचा तपासातला प्रवेशच चुकीच्या गणिताने झाला हे मला फार आवडतं. आपल्या कामात एवढी नम्रता हवीच.

प्रेतात कुठलं विष किंवा औषध होतं यानेही घड्याळ बदलतं. हवाई बेटांत ली गॉफ आणि सहकाऱ्यांनी सशांना कोकेन देऊन त्यांच्या यकृतावर बोएट्चेरिस्का पेरेग्रिना, म्हणजे वरची सार्कोफागा पेरेग्रिनाच, वाढवली. १९८९ सालच्या त्या प्रयोगात मोठ्या मात्रेवरच्या अळ्या मधल्या काही तासांत भराभर वाढून पुढे गेल्या. हेरॉइनवर अळ्या लवकर वाढल्या आणि कोषाचा काळ मात्र लांबला. आपल्याकडे कोकेनपेक्षा पिकावरची औषधं प्यालेली प्रकरणं कितीतरी जास्त. कीटकनाशक पोटात असेल तर माश्या बसायला कचरतात, बसल्या तरी पहिल्या अळ्या मरतात. अशा वेळी ‘अळ्या लहान, म्हणजे मृत्यू ताजा’ हे उलटं पडतं. व्हिसेराचा रिपोर्ट हातात येईपर्यंत मी वय पेन्सिलीनेच लिहितो.

आणखी एक सावधगिरी, घराघरातली. अंथरुणाला खिळलेल्या म्हाताऱ्या माणसाच्या पाठीच्या जखमेत जिवंतपणीच किडे पडू शकतात. गुरांच्या जखमांत पडतात तसेच. मृत्यूनंतर त्या अळ्या मोजल्या तर मृत्यू दोन-तीन दिवस मागे जातो. त्या अळ्या तेव्हा मृत्यूची वेळ सांगत नसतात, सेवा किती झाली ते सांगत असतात. नाका-डोळ्याशी लहान अळ्या आणि ओटीपोटाशी किंवा पाठीशी मोठ्या, असा उलटा क्रम दिसला की मी आधी नर्सिंगचे कागद मागतो.

बाटल्यांविषयी, कारण हे वाचणाऱ्यांत एखादे मेडिकल ऑफिसर किंवा पीएसआय असतील तर त्यांच्याच हाती सगळं आहे. माझ्याकडे येणाऱ्या बाटल्यांपैकी कितीतरी फॉर्मॅलिनच्या. फॉर्मॅलिनमध्ये अळी दगड होते आणि डीएनएची वाट लागते. अळ्यांचे दोन भाग करा. अर्ध्या जवळजवळ उकळत्या पाण्यात अर्धा मिनिट टाका, मग ८० टक्के अल्कोहोलमध्ये. गरम पाण्याने त्या सरळ ताणून राहतात, थेट अल्कोहोलात टाकल्या की आक्रसतात आणि लांबी खोटी निघते. उरलेल्या अर्ध्या जिवंत ठेवा, कलेजीचा तुकडा, खाली लाकडाचा भुसा, वर फडकं. बाटलीवर वेळ, जागा, तिथलं तापमान. शवागाराच्या फ्रीजमध्ये प्रेत किती वाजता गेलं तेही लिहा, कारण थंडीत घड्याळ जवळपास थांबतं. जिवंत अळ्या गाडीच्या डिकीत उन्हात ठेवू नका. एकदा माझ्यापर्यंत रस्सा पोचला होता.

भारतीय नागरिक सुरक्षा संहिता १ जुलै २०२४ पासून लागू झाली. तिच्या १७६व्या कलमानुसार सात वर्षं किंवा अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आहे. राज्यांना त्यासाठी पाच वर्षांपर्यंत मुदत आहे. त्या पथकाच्या पेटीत बोटांचे ठसे घेण्याची पावडर असतेच. एक चिमटा, एक थर्मामीटर आणि भुशाची डबी एवढी जागा निघाली तर बरं.

राहता राहिले बांगडे. पाच मिनिटांपूर्वी पडलेल्या अळ्या असतील तर स्वच्छ धुऊन, चांगले शिजवून खायला हरकत नव्हती. किळस वाटून टाकून दिले असतील तर तेही समजू शकतो. मात्र ती माशी त्याआधी कुठे बसून आली याचा नेम नसतो, म्हणून परातीवर झाकण ठेवाच.

आणि खरंच उत्सुकता असेल तर पुढच्या वेळी अळ्या फेकू नका. काचेच्या बरणीत चार बोटं भुसा, त्यावर पानात माशाचा तुकडा, त्यावर अळ्या, तोंडाला सुती फडकं आणि दोरा. बरणी घराबाहेर ठेवा, आईला आधी सांगून. चार-सहा दिवसांत अळ्या भुशात उतरतील, मग रोज वेळ लिहून ठेवा. पंधरवड्याच्या आसपास माश्या बाहेर आल्या की फडक्यावर उजेड पाडून पाठीवरचे पट्टे मोजा. तीन भरले तर बरणी तासभर फ्रीजरमध्ये ठेवा आणि नर निघतो का बघा. नर निघाला, तर त्याच्या पोटाच्या टोकाचा भिंगातून काढलेला फोटो मला पाठवा. जात सांगायचा प्रयत्न करतो.